मोशन कंट्रोल ॲक्सेसरीज: कोणती खरंच कामाची आणि कोणती नुसतं प्लास्टिक?



आजचा विषय थोडा जुना वाटेल, पण मला याबद्दल इतक्यांनी विचारलंय की एकदा सगळं एका जागी लिहून ठेवावं म्हटलं. गेमिंग कन्सोलच्या मोशन कंट्रोलसाठी वेगवेगळ्या जोडण्या मिळतात. कंट्रोलरच्या बुडाला लावायची डबी, चमकणारा बॉल असलेली कांडी, टीव्हीखाली ठेवायचा कॅमेरा, पायाला बांधायचा पट्टा, आणि हो, टेनिस रॅकेटच्या आकाराचं प्लास्टिकसुद्धा. यातल्या कशाने खरंच फरक पडतो आणि कशाने फक्त खिसा हलका होतो, ते आपण पाहणार आहोत.

मी या भानगडीत का पडलो ते आधी सांगतो. मी मूळचा पिंगुळीचा, कुडाळला लागून असलेलं आमचं गाव. नोकरी सॉफ्टवेअरची, त्यामुळे वर्षातले काही महिने घरून काम चालतं. दोन वर्षांपूर्वी बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. जीव वाचला, बोलणं परत आलं, पण उजवा हात मागे राहिला. फिजिओथेरपिस्टने व्यायाम लिहून दिले. मनगट फिरवा, कोपर सरळ करा, हात खांद्यापर्यंत उचला. बाबा चार दिवस करायचे आणि पाचव्या दिवशी कंटाळायचे. मग मी मित्राकडे पडून असलेला जुना निन्टेन्डो वी घरी आणला आणि बोलिंगचा गेम लावून दिला. फिजिओथेरपिस्टला विचारलं, तर ते म्हणाले, "कंटाळा घालवायला चालेल, पण व्यायामाच्या ऐवजी नको."

आठवडाभर बाबा खुश. स्ट्राइकवर स्ट्राइक! मग एका संध्याकाळी त्यांनी रिमोट खाली ठेवला आणि म्हणाले, "मी हात हलयलंयच खय? ह्यां उगाच माका शाबासकी देता."

मी नीट बघितलं. खरंच, ते फक्त मनगटाला एक बारीक झटका देत होते. कोपर जागचं हलत नव्हतं. आणि गेमला वाटत होतं की माणसाने झकास बोलिंग केलं! तिथून मी सेन्सरच्या मागे लागलो.

मोशन कंट्रोल म्हणजे नेमकं काय?

हातातली वस्तू हवेत सहा प्रकारे हलू शकते. तीन प्रकारे सरकते: पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली. आणि तीन प्रकारे वळते: मान डोलावल्यासारखी, मान नकारार्थी हलवल्यासारखी आणि किल्ली फिरवल्यासारखी. कन्सोलला या सहाही हालचाली कळल्या तर गेममधला हात तुमच्या हातासारखा चालतो. एखादी कळली नाही तर कन्सोल अंदाज बांधतो.

आमच्या पिंगुळीकरांना हे समजायला सोपं जातं, कारण गावात ठाकर समाजाची कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आहे. चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या सावलीच्या बाहुल्या या तिन्ही कला इथे टिकून आहेत. या कामासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय गावातच आहे, कधी कुडाळला आलात तर जरूर बघा. सांगायचा मुद्दा असा: कळसूत्री बाहुलीत प्रत्येक हालचालीला दोरी लागते. मानेची दोरी नसेल तर सूत्रधार कितीही कसबी असू दे, बाहुली मान वळवणार नाही. कन्सोलचंही तसंच, फक्त उलट दिशेने. इथे आपला हात हलतो आणि सेन्सर त्या हालचाली पडद्यापर्यंत पोचवतात. जी दोरी नाही, ती हालचाल पोचत नाही.

पहिली दोरी: ॲक्सेलरोमीटर

२००६ मध्ये वी आला तेव्हा त्याच्या रिमोटमध्ये तीन अक्षांचा ॲक्सेलरोमीटर होता. हा सेन्सर त्वरण मोजतो. गंमत म्हणजे रिमोट टेबलावर शांत पडलेला असला तरी तो गुरुत्वाकर्षणामुळे १ जी इतकं मूल्य दाखवत असतो. याचा फायदा असा की रिमोट कुठे कललाय ते त्याला कळतं, कारण "खाली" कुठे आहे हे त्याला कायम माहीत असतं.

आता तोटे बघा.

१. रिमोट आडवा धरून घड्याळाच्या काट्यासारखा डावी-उजवीकडे फिरवला, तर गुरुत्वाकर्षणाची दिशा रिमोटच्या दृष्टीने बदलतच नाही. म्हणजे ही फिरकी ॲक्सेलरोमीटरला जवळपास दिसतच नाही.

२. हात जोरात हलवला की गुरुत्वाकर्षण आणि हाताचा झटका एकमेकांत मिसळतात. कल किती आणि झटका किती हे वेगळं करता येत नाही.

म्हणून सुरुवातीच्या बऱ्याच गेममध्ये खरी हालचाल मोजलीच जात नव्हती. "अमुक एवढा झटका आला, म्हणजे रॅकेट फिरवली" असं धरून गेम ठरलेला ॲनिमेशन दाखवायचा. बाबांना फुकटची शाबासकी मिळत होती ती याचमुळे.

दुसरी दोरी: जायरोस्कोप

जायरोस्कोप फिरण्याचा वेग मोजतो, म्हणजे दर सेकंदाला किती अंश. आजचे जायरो एका चिपमध्ये मावतात. आत सिलिकॉनची अगदी सूक्ष्म रचना सतत थरथरत असते. चिप फिरली की कोरिऑलिस परिणामामुळे ती रचना किंचित बाजूला ढकलली जाते आणि तेवढं ढकललं जाणं विद्युत संकेतातून मोजलं जातं. 

जायरो जलद आहे, नेमका आहे, हाताच्या झटक्याने गोंधळत नाही. मग सगळे प्रश्न सुटले का? नाही. त्याचा स्वतःचा एक रोग आहे.

ड्रिफ्ट: हा रोग समजला की अर्धा विषय समजला

जायरो वेग सांगतो, दिशा सांगत नाही. दिशा काढायला तो वेग क्षणाक्षणाला बेरीज करत जावं लागतं. आता समजा सेन्सरमध्ये अगदी बारीक चूक आहे. रिमोट स्थिर असूनही तो सेकंदाला ०.५ अंश फिरतोय असं सांगतो. मग:

- १० सेकंदांनी चूक ५ अंश
- १ मिनिटाने चूक ३० अंश
- ३ मिनिटांनी चूक ९० अंश

म्हणजे तुम्ही टीव्हीकडे बघताय आणि गेमच्या मते तुमचा हात भिंतीकडे वळलाय! यालाच ड्रिफ्ट म्हणतात. (काही जण जॉयस्टिक आपोआप सरकते त्यालाही ड्रिफ्ट म्हणतात. ती वेगळी बिघाडी आहे, तिचा जायरोशी संबंध नाही.)

वस्तू कुठवर सरकली हे काढायचं असेल तर हाल आणखी वाईट. तिथे त्वरणाची दोनदा बेरीज करावी लागते. ॲक्सेलरोमीटरमध्ये फक्त ०.०१ जी इतकी चूक असेल तर १ सेकंदात सुमारे ५ सेंटीमीटरचा फरक पडतो, आणि १० सेकंदांत जवळपास ५ मीटरचा. म्हणजे हात अजून माजघरात आणि गेमच्या हिशेबाने तो खळ्यात पोचलेला! म्हणूनच नुसत्या सेन्सरवर "हात कुठे आहे" हे फार वेळ टिकवता येत नाही.

उपाय काय? एकाची चूक दुसऱ्याने सुधारायची. जायरो थोड्या वेळासाठी विश्वासू, पण हळूहळू भरकटतो. ॲक्सेलरोमीटर क्षणोक्षणी डळमळतो, पण "खाली" कुठे हे कधी विसरत नाही. म्हणून सॉफ्टवेअर दर वेळी मोठा वाटा जायरोचा घेतं आणि छोटासा वाटा ॲक्सेलरोमीटरचा, उदाहरणार्थ ९८ टक्के आणि २ टक्के. तो छोटा वाटा भरकटलेल्याला हळूच जागेवर आणतो. याला सेन्सर फ्यूजन म्हणतात. मात्र आडव्या फिरकीची चूक ॲक्सेलरोमीटरही सुधारू शकत नाही, कारण ती त्याला दिसतच नाही हे आपण वर पाहिलं. तिथे होकायंत्र किंवा कॅमेरा लागतो.

इथवर आलात तर आता प्रत्येक ॲक्सेसरीचं काम सहज कळेल.

१. वी मोशनप्लस

निन्टेन्डोने जुलै २००८ मध्ये जाहीर केलेली आणि २००९ मध्ये बाजारात आलेली ही छोटी डबी. वी रिमोटच्या बुडाला असलेल्या सॉकेटमध्ये बसते. आत काय? जायरो! म्हणजे रिमोटमध्ये जी दोरी नव्हती ती इथे जोडली. डबीच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा सॉकेट आहे, त्यामुळे नंचकही लावता येतो.

लक्षात ठेवायच्या गोष्टी:

- गेमला मोशनप्लस कळत असेल तरच उपयोग. पहिल्या वी स्पोर्ट्समध्ये ही डबी लावून काही फरक पडत नाही, कारण तो गेम तिच्या आधीचा आहे. वी स्पोर्ट्स रिसॉर्ट (२००९), रेड स्टील २ (२०१०) आणि झेल्डा स्कायवर्ड स्वॉर्ड (२०११) यांना मात्र मोशनप्लस लागतंच.
- गेम सुरू होताना रिमोट बटणं खाली करून सपाट जागी ठेवायला सांगतात. ते टाळू नका. त्या काही सेकंदांत सेन्सर "मी स्थिर असताना किती चुकतो" हे मोजून घेतो. खाटेवर किंवा मांडीवर ठेवलात तर तो चुकीचाच धडा शिकतो.
- २०१० मध्ये आलेल्या वी रिमोट प्लसमध्ये जायरो आतच आहे. त्याला वेगळी डबी लागत नाही.

२. सेन्सर बार

नावावर जाऊ नका, या बारमध्ये सेन्सर नाहीच! दोन्ही टोकांना इन्फ्रारेड दिवे आहेत, बस्स. त्यांच्यात साधारण २० सेंटीमीटरचं अंतर असतं. बघणारा कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी असतो. ते दोन ठिपके कुठे दिसतात यावरून रिमोट टीव्हीवर कुठे रोखलाय ते कळतं.

म्हणून महागडा वायरलेस बार घेतला तर नेमकेपणा वाढत नाही, फक्त वायर कमी होते. आमच्याकडे उंदराने बारची वायर कुरतडली तेव्हा मी तपासणीसाठी टीव्हीपुढे देवघरातली दोन निरांजनं ठेवली. पॉइंटर व्यवस्थित चालला, कारण ज्योतीतून इन्फ्रारेड निघतोच. आई मात्र बराच वेळ बघत राहिली की हा टीव्हीची आरती का करतोय. (तपासणीपुरतंच करा. पडदे आणि वायरी लांब ठेवा, ज्योत सोडून उठू नका.)

यावरूनच कळेल की सूर्यप्रकाश, समोरची समई, चकचकीत स्टीलची भांडी या सगळ्यांनी पॉइंटर बावचळतो. टीव्हीच्या मागे खिडकी असेल तर ती बंद करून बघा.

३. प्लेस्टेशन मूव्ह आणि त्याचा कॅमेरा

सोनीने २०१० मध्ये प्लेस्टेशन ३ साठी आणलेली कांडी. टोकाला चमकणारा मऊ बॉल. आत जायरो, ॲक्सेलरोमीटर आणि शिवाय मॅग्नेटोमीटर म्हणजे होकायंत्र. समोर प्लेस्टेशन आय नावाचा कॅमेरा.

यातली हुशारी बॉलमध्ये आहे. बॉलचा खरा आकार ठरलेला असतो. मग चित्रात तो मोठा दिसला म्हणजे जवळ, लहान दिसला म्हणजे लांब. चेंडू कुठूनही गोलच दिसतो, त्यामुळे कांडी कशीही फिरवली तरी हिशेब बिघडत नाही. खोलीत ज्या रंगाची गर्दी नाही असा रंग बॉल घेतो. अशा रीतीने "कुठे आहे" हे कॅमेरा सांगतो आणि "कुठे वळलाय" हे आतले सेन्सर. त्या पिढीत हातातल्या कंट्रोलरचं सर्वात नेमकं काम हेच करायचं असं माझं मत आहे.

अडचण एकच: बॉल अंगाआड गेला की कॅमेऱ्याला दिसत नाही. आणि जुनी कांडी घेताना बॅटरी बघा. ती आत बसवलेली असते, वर्षानुवर्षं न वापरता पडून राहिली की चार्ज धरत नाही.

४. आयटॉय ते किनेक्ट

सोनीच्या आयटॉय (२००३) मध्ये साधा कॅमेरा होता. त्याला दिसायचं ते सपाट चित्र. हे म्हणजे आमच्या चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळासारखं. पडद्यावर सावली दिसते, पण बाहुली पडद्यापासून किती लांब आहे ते सावलीवरून नेमकं सांगता येत नाही. आणि हात अंगासमोर आला की त्याची सावली अंगाच्या सावलीतच बुडते.

मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट नोव्हेंबर २०१० मध्ये एक्सबॉक्स ३६० साठी आला. त्याने ही खोलीची अडचण सोडवली. तो इन्फ्रारेड ठिपक्यांची जाळी खोलीत पसरवतो आणि ते ठिपके कसे सरकलेले दिसतात त्यावरून प्रत्येक बिंदूचं अंतर काढतो. मग त्यातून माणसाचे सांधे ओळखतो: खांदा, कोपर, मनगट. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख नग विकले गेले होते. २०१७ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं.

किनेक्टची खरी अडचण जागेची. एका माणसाला साधारण ६ फूट, दोघांना ८ फूट अंतर लागतं. आमच्या चिरेबंदी घराच्या माजघरात टीव्ही, खाट आणि धान्याची कणगी यांच्यामध्ये एवढी मोकळी जागा निघत नाही. पडवीत जागा आहे, पण तिथे दिवसा ऊन येतं आणि उन्हातला इन्फ्रारेड त्या ठिपक्यांना झाकून टाकतो. शिवाय बरेचसे गेम उभ्या माणसासाठी बनवलेले. बाबा खुर्चीत बसून खेळणार, त्यामुळे किनेक्ट आमच्यासाठी बाद झाला. तुमच्याकडे मोठा हॉल असेल तर मात्र जरूर विचार करा.

५. रिंग-कॉन आणि पायाचा पट्टा

निन्टेन्डो स्विचच्या जॉय-कॉनमध्ये (२०१७) जायरो आणि ॲक्सेलरोमीटर दोन्ही आधीपासून आहेत, त्यामुळे मोशनप्लससारखी डबी लागत नाही. पण २०१९ मध्ये रिंग फिट ॲडव्हेंचरबरोबर एक गोल लवचिक रिंग आली. ती दाबली किंवा ताणली की आतला बलमापक सेन्सर किती जोर लागला ते मोजतो. ही पूर्णपणे नवी दोरी आहे, कारण जोर किती लावला हे जायरोला कधीच कळणार नाही.

पायाचा पट्टा मात्र नुसता पट्टा आहे. त्यात इलेक्ट्रॉनिक्स काहीच नाही, तो जॉय-कॉनला मांडीवर धरून ठेवतो. तरीही तो कामाचा, कारण सेन्सर योग्य जागी बसवणं हेही अर्धं काम असतं. हाच पट्टा मोडला तर शिंप्याकडून वेल्क्रो लावून घ्या, चालतं.

६. रॅकेट, बॅट, तलवार

आता त्या प्लास्टिकबद्दल. बाजारात रिमोट अडकवायच्या रॅकेटी, क्रिकेट बॅटी, स्टिअरिंग व्हील मिळतात. बहुतेकांच्या आत काहीही नसतं. स्टिअरिंगने हात सरळ राहतात, तेवढा फायदा. पण रॅकेट आणि बॅट रिमोटची लांबी वाढवतात, वजन बदलतात, आणि हातातून सुटली तर टीव्ही फुटण्याची शक्यता वाढवतात. यांनी नेमकेपणा वाढत नाही. मुलांना मजा येते म्हणून घ्यायची तर घ्या, पण "जास्त अचूक" या जाहिरातीला भुलू नका.

जाता जाता थोडा इतिहास

हे सगळं नवीन नाही. १९८९ मध्ये मॅटेलने निन्टेन्डोच्या जुन्या कन्सोलसाठी पॉवर ग्लोव्ह नावाचा हातमोजा आणला होता. हातमोज्यातून ऐकू न येणारा आवाज निघायचा, टीव्हीभोवतीचे तीन मायक्रोफोन तो पकडायचे आणि आवाज पोचायला लागलेल्या वेळेवरून हाताची जागा काढायचे. कल्पना भारी, पण खास त्याच्यासाठी बनवलेले गेम मोजून दोन निघाले. म्हणजे तोच धडा: ॲक्सेसरी कितीही चांगली असू दे, गेमची साथ नसेल तर ती कपाटातच जाते.

जुनी वस्तू घेताना काय तपासायचं?

हा भाग मी स्वतःच्या पैशांनी शिकलोय. मोशनप्लसची डबी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवली. "ओरिजिनल" लिहिलं होतं, आली नक्कल. गेमने ती ओळखली, सुरुवातीला चालली, पण धनुष्यबाणाच्या खेळात बाण हळूहळू डावीकडे सरकायचा. बाबांना वाटलं आपलाच हात थरथरतोय. दोन दिवस ते खेळलेच नाहीत. पैशांपेक्षा मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. जो माणूस आधीच स्वतःच्या हातावर विश्वास हरवून बसलाय, त्याच्यासमोर खोटं मोजणारं यंत्र ठेवणं ही साधी चूक नाही.

म्हणून तपासणीची यादी:

१. स्थिर चाचणी. कंट्रोलर टेबलावर सपाट ठेवून कॅलिब्रेट करा. मग गेममध्ये तलवार किंवा धनुष्य समोर रोखून, हात टेबलावर टेकवून २ मिनिटं थांबा. किंचित सरकणं साहजिक आहे. नजरेला सतत सरकताना दिसलं तर घेऊ नका.

२. परत येण्याची चाचणी. कंट्रोलर जोरात पाच-सहा वेळा फिरवून पुन्हा पहिल्याच जागी आणा. पडद्यावरची वस्तूही पहिल्या जागी आली पाहिजे.

३. थंड आणि गरम. जायरोची चूक तापमानाबरोबर बदलते. एसीतून किंवा गाडीतून आणलेला कंट्रोलर १० मिनिटं खोलीत ठेवा, मगच चाचणी घ्या.

४. ॲडॉप्टर. हे सगळ्यात महत्त्वाचं! परदेशातून आणलेल्या वी कन्सोलचा ॲडॉप्टर फक्त १२० व्होल्टचा असू शकतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावला तर जळणार. मागचं लेबल वाचा. "१०० ते २४०" किंवा "२३०" असेल तरच लावा.

५. रिजन. वीच्या गेम डिस्क प्रदेशानुसार लॉक असतात. अमेरिकेतला कन्सोल आणि युरोपची डिस्क जमत नाही. दोन्ही एकाच प्रदेशाचे आहेत ना ते विचारा.

६. सॉकेट. जोडणीच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर दिसतोय का बघा.

सहावा मुद्दा आपल्या कोकणासाठी खास. पावसाळ्यात दमट हवेने संपर्क गंजतात आणि कॅमेऱ्याच्या काचेवर बुरशी धरते. जूनच्या आधी सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. रिमोटमधले सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरतात. आणि गडगडायला लागलं की प्लग काढा, स्विच बंद करणं पुरेसं नाही.

घरच्या घरी ड्रिफ्ट बघायचाय?

मोबाइलमध्ये सेन्सरचे आकडे दाखवणारं कुठलंही ॲप घ्या. फोन टेबलावर ठेवा आणि जायरोस्कोपचे तीन आकडे बघा. फोन हलत नाही, म्हणजे शून्य यायला हवेत. येणार नाहीत, शून्याच्या आसपास नाचत राहतील. हीच ती बारीक चूक. इंजिनीअरिंगच्या मुलांनी एमपीयू-६०५० हा स्वस्त सेन्सर आर्डुइनोला जोडून पाहावा. त्यात जायरो आणि ॲक्सेलरोमीटर दोन्ही आहेत. आधी फक्त जायरोची बेरीज करून कोन काढा, मग वर सांगितलेलं ९८ आणि २ टक्क्यांचं मिश्रण करून काढा. फरक दोन मिनिटांत दिसेल. सेमिस्टरभर पुस्तकातून मला जे कळलं नव्हतं ते त्या एका संध्याकाळी कळलं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मोशनप्लस लावलं की सगळे जुने गेम सुधारतात का?*
नाही. जे गेम त्याच्यासाठी लिहिलेत तेच.

*एक्सबॉक्सच्या साध्या कंट्रोलरला जायरो आहे का?*
एक्सबॉक्स ३६० पासून एक्सबॉक्स सिरीज एक्सपर्यंतच्या नेहमीच्या कंट्रोलरमध्ये नाही. प्लेस्टेशन ४ आणि ५ च्या कंट्रोलरमध्ये आहे.

*आजारी माणसासाठी यातलं काय घ्यावं?*
आधी फिजिओथेरपिस्टला विचारा. कोणती हालचाल करून घ्यायची हे ते सांगतील. मग ती हालचाल खरंच मोजणारी वस्तू शोधा. उलटं करू नका.

*नवीन घ्यायचं की जुनं?*
बजेट असेल तर स्विच आणि रिंग फिट. कमी पैशांत वी रिमोट प्लस आणि वी स्पोर्ट्स रिसॉर्ट.

शेवटी आमच्याकडे काय झालं?

नक्कल बाजूला ठेवून मी एक खरा वी रिमोट प्लस मिळवला आणि वी स्पोर्ट्स रिसॉर्ट लावला. पहिल्या दिवशी बाबांचा बोलिंगचा स्कोर धाडकन खाली आला. मनगटाचा झटका चालेना. मनगट तिरकं पडलं की चेंडू सरळ गटरमध्ये. मी धसकलो, म्हटलं आता हे पुन्हा रिमोट खाली ठेवणार. ते काही बोलले नाहीत. डाव्या हाताने उजवं कोपर धरून त्यांनी पुन्हा टाकला. पुन्हा गटर. मग पुन्हा.

रात्री जेवताना आईला म्हणाले, "आता ह्यां खरां बोलता."

हात पूर्वीसारखा झालेला नाही, आणि तो कन्सोलने होईल असं मी म्हणणारही नाही. व्यायाम वेगळा चालूच आहे. पण आता संध्याकाळी दिवाबत्ती झाली की ते स्वतःहून रिमोट टेबलावर उलटा ठेवतात, कॅलिब्रेशन होईपर्यंत थांबतात आणि मग मला हाक मारतात.

तुमच्याकडे यातली कुठली जुनी ॲक्सेसरी पडून असेल तर आधी वरच्या दोन चाचण्या घेऊन बघा, मगच नवीन घ्यायचं ठरवा. भेटू पुढच्या लेखात!